निग्रहाचे लोखंड

लहान, हलकी आणि अंगच्या शक्तीमुळे चपळ झालेली मोटार विकत घेणाऱ्या मनुष्याच्या मनात, तिच्या वर्ष-दोन वर्षांच्या सहवासानंतर, तिच्यात काही सुधारणा करावी अशी इच्छा उत्पन्न होते. आणि इंजिनाची शक्ती वाढविण्याचा पहिला उत्साह ओसरला की ती इच्छा बहुधा ब्रेककडे वळते. हे वळण मला स्वागतार्ह वाटते, कारण वेगाच्या मागे लागलेल्या माणसाला वेग आवरण्याच्या साधनाची आठवण व्हावी हे त्याच्या विवेकाचेच लक्षण होय. तथापि या टप्प्यावर बाजार त्याच्यासमोर जे मांडतो, म्हणजे छिद्रांची डिस्क, खाचांची डिस्क, छिद्रे आणि खाचा दोन्ही असलेली डिस्क, सोनेरी मुलाम्याची डिस्क, मूळ डिस्कपेक्षा दोन-तीन इंचांनी मोठी डिस्क, त्यातून निवड करण्याचा कोणताही निकष त्याच्या हाती नसतो, आणि निकषाच्या अभावी डोळ्यांना जे पटते तेच बुद्धीलाही पटल्यासारखे वाटू लागते. डिस्कचे मुख्य कार्य उष्णता सोसणे, क्षणभर साठविणे आणि मग वाऱ्यावर सोडून देणे हे आहे. या कार्याच्या कसोटीला जी उतरेल तीच सुधारणा, आणि या कसोटीवर घासून पाहिले असता बहुसंख्य गाड्यांसाठी उत्तम डिस्क ही साधी, सपाट, वजनदार आणि चांगल्या बिडाची डिस्क ठरते, हे मला या लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

मोठी डिस्क बसविली की गाडी कमी अंतरात थांबते ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की, तिचा विचार आधी करणे भाग आहे. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबविते ते टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणगुणांक सुमारे ०.९ धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सुमारे ४४ मीटरांत थांबू शकते, आणि या हिशेबात डिस्कचा व्यास, कॅलिपरचा रंग किंवा पिस्टनांची संख्या यांना कोठेही स्थान नाही. पेडलवर पाय जोराने पडताच एबीएस आपला थरथराट सुरू करीत असेल, तर मूळच्या ब्रेकमध्ये चाक जखडून टाकण्याइतके बळ आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो. आणि जे बळ आधीच पुरेसे आहे ते दुप्पट केल्याने रस्त्याची पकड तसूभरही वाढत नाही. एका झटक्यात गाडी थांबविण्याचे अंतर ज्याला कमी करावयाचे आहे त्याने आपले पैसे टायरवर खर्च करावेत. ही गोष्ट विक्रेत्याने सांगावयास हवी; परंतु डिस्क विकणाऱ्याकडून ती अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही, म्हणून ती लेखकाने सांगावी हे बरे.

मग डिस्क बदलण्याला काही अर्थच नाही काय? आहे, आणि तो पहिल्या थांबण्यात नसून दहाव्या, विसाव्या थांबण्यात आहे. माणसांसह तेराशे किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते तेव्हा तिची सुमारे पाच लक्ष ज्यूल गतिज ऊर्जा नाहीशी होते, म्हणजे वस्तुतः उष्णतेत रूपांतरित होते. तिचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला येतो, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या एका डिस्कचे घर्षणवलय पाच किलोचे असेल, तर अशा एका थांबण्याने तिचे तापमान सत्तर-पंच्याहत्तर अंशांनी चढते; आणि निवण्यास अवसर न देता तीच क्रिया पाच वेळा केली, तर साधे पॅड ज्या तापमानाला आपली पकड सोडू लागतात त्याच्या आसपास आपण येऊन पोहोचतो. हेच वलय चार किलोचे असते, तर दर वेळी नव्वद अंशांची चढण झाली असती. जाड बुडाच्या पातेल्यातले दूध उतू जाण्यापूर्वी गृहिणीला हात पोहोचविण्यास अवधी मिळतो, पातळ पातेल्यात तो मिळत नाही. डिस्कच्या वजनाचे महत्त्व याच जातीचे आहे.

शर्यतीच्या मार्गावर जाण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येतो, परंतु सह्याद्रीचा उतार सर्वांच्या वाट्याला येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरणारी गाडी सुमारे बाराशे मीटर खाली येते, आणि तेराशे किलोंच्या गाडीची या उतारात मोकळी होणारी स्थितिज ऊर्जा दीड कोटी ज्यूलांच्या घरात जाते; म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून तीस वेळा गाडी थांबविण्याइतकी. तिच्यातला मोठा हिस्सा हवेचा विरोध, चाकांचे घर्षण आणि खालच्या गिअरमधील इंजिन यांनी उचलावा अशी निसर्गाची आणि अभियंत्यांची योजना आहे. जो मनुष्य पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरतो तो इंजिनाचा हिस्साही त्या दोन-चार बिडाच्या वर्तुळांवर लादतो, आणि तोही अशा मंद वेगात की, डिस्कमधून खेळणारा वारा जवळजवळ नसतोच. दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरण्याची सवय ही मला कोणत्याही विकतच्या डिस्कपेक्षा मोठी सुधारणा वाटते. ती फुकट मिळते म्हणून तिला कोणी सुधारणा म्हणत नाही, याचा मला खेद होतो.

ब्रेकची खरी कसोटी उष्णतेतच लागते, या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु धातूवर धातू घासण्याचा कर्कश आवाज आणि त्या काळच्या पदार्थांची मर्यादा यांमुळे ती कल्पना अर्धशतक मागे राहिली, आणि जगभर ड्रमचेच राज्य चालले. ड्रमचा दोष उष्णतेतच उघड होतो. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरतो, त्यामुळे पेडल खाली खाली जाऊ लागते, आणि बंदिस्त जागेत कोंडलेल्या उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. डिस्क तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, आणि तिच्या दोन्ही बाजू वाऱ्याला उघड्या असतात. १९५३ साली ले मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप गाडी डनलॉपच्या डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली, तेव्हा त्या विजयाचे मर्म असे होते की, सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्याच्या अखेरीस, फेरीमागून फेरी, रात्र आणि दिवस, तिचे चालक इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारू शकत होते आणि तो ब्रेक शेवटच्या फेरीतही पहिल्यासारखाच लागत होता.

परंतु लहान गाडीच्या संदर्भात मला जॅग्वारपेक्षा मिनीचा दाखला अधिक मोलाचा वाटतो. अलेक इसिगोनिस यांनी रचलेली आणि १९५९ साली बाजारात आलेली ती चिमुकली गाडी चारही चाकांना ड्रम घेऊन आली होती. १९६१ साली जॉन कूपर यांच्या नावाने तिची शक्तिमान आवृत्ती निघाली, तेव्हा तिला पुढे डिस्क देणे प्राप्त झाले. चाकाचा व्यास अवघा दहा इंच. त्याच्या पोटात मावेल अशी डिस्क सात इंचांची, आणि जाडीने जेमतेम पाव इंच. ही डिस्क अपुरी पडते अशी तक्रार लवकरच सुरू झाली. दोन वर्षांनी कूपर एस आली तेव्हा अभियंत्यांनी काय केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. व्यास वाढवून त्यांनी साडेसात इंच केला, म्हणजे जागेने परवानगी दिली तेवढीच, अर्ध्या इंचाची वाढ. परंतु जाडी पाव इंचावरून तीन अष्टमांश इंच केली, म्हणजे दीडपट. जोडीला पायाचे बळ वाचविणारा सर्व्होही दिला. व्यासाने पकडीचा बाहू किंचित लांबला, जाडीने उष्णतेचे कोठार मोठे झाले, आणि ही गाडी मोंटे कार्लोच्या बर्फाळ डोंगरी रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा विजयी ठरली. त्या विजयांचे सारे श्रेय ब्रेकला देण्याचा मोह मी आवरतो, परंतु आल्प्सच्या त्या उतारांवर पातळ डिस्क घेऊन उतरावे असे कोणालाही सुचविणार नाही. अभियंत्याच्या हातात थोडीच जागा असताना त्याने ती कशासाठी खर्च केली, यावरून त्याच्या शास्त्रातील अग्रक्रम कळतो.

आता छिद्रांकडे वळू. छिद्रांचा उगम प्रामाणिक आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुन्या पॅडमधील राळ अतितापाने जळून तिच्यातून वायू निघत आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ पडदा तयार होई; त्या वायूला निसटण्यासाठी डिस्कला छिद्रे पाडण्याची युक्ती निघाली, आणि त्या काळी ती उपयोगी पडली. आजचे चांगले पॅड असा वायू फारच थोडा सोडतात. कारण गेले, छिद्रे मात्र राहिली, कारण दरम्यानच्या काळात ती शर्यतीची निशाणी होऊन बसली होती. प्रत्येक छिद्राबरोबर थोडे बीड जाते, म्हणजे जे कोठार मोठे करावयाचे तेच आपण पैसे देऊन लहान करून घेतो. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की, तापणे-निवणे या अखंड चक्रात धातूवर जो ताण येतो तो छिद्राच्या काठाशी एकवटतो व तेथूनच भेगा सुरू होतात. बिडाच्या डिस्क वापरणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत आज छिद्रांऐवजी बहुधा खाचाच दिसतात, याचे कारण हेच आहे. मोठमोठ्या किमतीच्या क्रीडा-मोटारी कारखान्यातूनच छिद्रांच्या डिस्क घेऊन येतात असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु त्या डिस्क मुळातच इतक्या विशाल आणि जाड असतात की, छिद्रांनी गेलेले बीड त्यांना परवडते, आणि छिद्रांच्या जागा डिस्कच्या मूळ आराखड्यातच हिशेबाने ठरलेल्या असतात. पोलोच्या किंवा स्विफ्टच्या पुढच्या डिस्कमध्ये अशी शिल्लक नसते. तिच्यावर ड्रिल चालविणे म्हणजे तुटपुंज्या वेतनातून दानधर्म करण्यासारखे आहे, असे म्हणण्यापेक्षा ते सरळ नुकसान आहे असेच म्हणावे.

पावसाचा मुद्दा मात्र मी सहजासहजी उडवून लावणार नाही, कारण कोकणात जुलै महिन्यात गाडी चालविणाऱ्याला ओल्या डिस्कवर पेडल दाबल्यानंतरचा तो पहिला, रिकामा क्षण परिचित असतो. पाण्याचा थर फोडण्याचे काम छिद्रे करतात, परंतु तेच काम खाचाही करतात, आणि त्या डिस्कला आरपार दुबळी करीत नाहीत. पॅडचा जळका पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवण्याचा गुणही खाचांत आहे. त्याची किंमत म्हणजे पॅड लवकर झिजतात आणि वेगात ब्रेक मारताना घरघर ऐकू येते. ज्याला ही किंमत मान्य असेल त्याने थोड्या, उथळ खाचांची डिस्क घ्यावी, तिला माझी हरकत नाही.

डिस्कच्या धातूविषयी गिऱ्हाईक क्वचितच विचारतो, आणि वास्तविक हा प्रश्न पहिला असावयास हवा. रस्त्यावरच्या जवळजवळ सर्व गाड्यांच्या डिस्क करड्या बिडाच्या असतात, आणि बीड हा धातू महाराष्ट्राला परका नाही. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांपर्यंत ओतकामाची एक दीर्घ परंपरा आपल्याकडे आहे. या बिडात कार्बन हा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पाकळ्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्या पाकळ्याच उष्णता झपाट्याने आत वाहून नेतात आणि कंप शोषून घेऊन ब्रेकची किंकाळी दाबतात. कार्बनचे प्रमाण वाढविलेल्या बिडात हे दोन्ही गुण वाढतात, ताकद मात्र थोडी घटते. म्हणून असे बीड ओतणाऱ्याला मिश्रणावर आणि निवण्याच्या गतीवर बारीक नजर ठेवावी लागते. अशा बिडाची साधी, सपाट डिस्क ही मला लहान शक्तिमान गाडीसाठी उपलब्ध असलेली सर्वांत प्रामाणिक सुधारणा वाटते. तिच्यात दाखविण्यासारखे काहीही नाही. तिचे माप मूळ डिस्कचेच, तिचे रूप मूळ डिस्कचेच, आणि फरक फक्त तिच्या अंतर्घटनेत, जो कोणाही वाटसरूला दिसणार नाही. युरोपात बदली डिस्कची परीक्षा करणारा संयुक्त राष्ट्रांचा ९० क्रमांकाचा विनियम आहे. त्याचा शिक्का डिस्कवर असेल तर निदान ती कोणत्यातरी निश्चित चाचणीतून गेली आहे एवढा भरवसा धरता येतो. ज्या डिस्कवर निर्मात्याचे नाव नाही आणि किमान जाडीचा आकडा कोरलेला नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

धातूइतकेच लक्ष डिस्कच्या पोटाकडे द्यावे. पुढची डिस्क बहुधा पोकळ असते, म्हणजे दोन तबकड्यांच्या मध्ये पात्यांची रांग असते, आणि चाक फिरू लागले की ती डिस्क पंख्याप्रमाणे मध्यातून हवा ओढून काठाने बाहेर फेकते. ही पाती सरळ असतील तर डिस्क डाव्या-उजव्या कोणत्याही बाजूला चालते. पाती वक्र असतील तर मात्र बाजू ठरलेली असते, कारण फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली पातीच हवा नीट बाहेर ढकलतात. पुष्कळ गॅरेजांत अशी डिस्क वरच्या खाचांची दिशा पाहून बसविली जाते आणि पोटातल्या पात्यांकडे कोणी डोकावत नाही. परिणामी थंडाव्यासाठी जास्त पैसे मोजलेली डिस्क उलटी बसून मूळच्या डिस्कपेक्षाही कमी निवते. बसविताना मिस्त्रीशेजारी उभे राहून एवढे पाहून घ्यावे.

मोठ्या व्यासाच्या डिस्कचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयला पुढे डिस्क आणि मागे ड्रम होते. रांजणगावला तयार झालेल्या १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोला चारही चाकांना डिस्क होत्या. दोन्ही गाड्यांत पुढचा आणि मागचा ब्रेक यांच्यामधील वाटणी अभियंत्यांनी मोजून ठरविलेली. फक्त पुढची डिस्क आणि कॅलिपर मोठे केले की ही वाटणी पुढे सरकते: पुढची चाके लवकर जखडण्याच्या सीमेवर येतात, मागची आपल्या हिश्शाचे काम पुरते करीत नाहीत, आणि इतक्या खर्चानंतर गाडी पूर्वीपेक्षा जास्त अंतरात थांबण्याचीही शक्यता उद्भवते. त्यात मोठ्या डिस्कसाठी मोठे चाक, मोठ्या चाकासाठी पातळ टायर, आणि स्प्रिंगांच्या आधाराबाहेरचे जे वजन आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर शक्यतो कमी असावे तेच वाढलेले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत करण्यास मर्यादा घालते, याचाही विचार कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी मालकाने करावा.

येथे कोणी विचारील की, गाडी ज्याची त्याची, पैसा ज्याचा त्याचा; त्याला छिद्रांची डिस्क सुंदर वाटत असेल तर तुम्ही मध्ये पडणारे कोण? सौंदर्याची आवड मला तुच्छ वाटत नाही, आणि गाडीच्या रंगावर, आसनांवर, चाकांच्या आकृतीवर ती प्रत्येकाने मनसोक्त पुरवावी. ब्रेकची गोष्ट वेगळी अशासाठी की, त्याचा लाभ आणि त्याची हानी केवळ मालकाची नसते. पुढे सायकलवरून जाणारा मुलगा, घाटाच्या वळणावर रसवंतीपाशी उभे असलेले कुटुंब, समोरून चढणारी एसटी, या सर्वांचा त्या दोन डिस्कांत हिस्सा आहे, आणि त्यांच्यापैकी कोणालाही निवड करताना विचारलेले नसते. म्हणून तेथे आवडीने कार्याला जागा करून दिली पाहिजे असे माझे निश्चित मत आहे.

नवी डिस्क घेण्याचे कारण म्हणून पुष्कळजण जुनी डिस्क ‘वाकली’ असे सांगतात, कारण ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. कॅरोल स्मिथ या शर्यतीच्या क्षेत्रातील ख्यातनाम अभियंत्याने ही समजूत साधार खोडून काढली आहे: बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसून तिच्यावर पॅडचा पदार्थ विषम जाडीने चिकटलेला असतो, आणि त्या जागा वारंवार अतिशय तापून तेथील बीड कठीण झाले की दोष कायमचा होतो. तापलेल्या ब्रेकवर सिग्नलपाशी पेडल घट्ट दाबून उभे राहणे, नव्या पॅडला हळूहळू तापवून डिस्कवर सारखा थर बसू न देणे, हबवरचा गंज न घासता नवी डिस्क त्यावर चढविणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा डिस्कला लेथवर घासून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु प्रत्येक घासणीबरोबर उष्णतेचे कोठार लहान होते, आणि किमान जाडीच्या आकड्याखाली गेलेली डिस्क दिसायला कितीही गुळगुळीत असली तरी निकामीच समजावी.

माझ्या मते खर्चाचा क्रम टायर, ब्रेक ऑइल, पॅड आणि मग डिस्क असा असावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल शोषलेल्याचा १५५ अंशांवर उतरू शकतो, आणि उकळलेल्या ऑइलच्या वाफेपुढे जगातली सर्वोत्तम डिस्क लाचार असते, कारण पेडल मग पोकळ जागेत बुडते. दोन पावसाळ्यांमागे ते बदलणे हा अत्यल्प खर्च आहे. त्यानंतर जास्त ताप सोसणारे, तरी थंडीतही पकडणारे पॅड. आणि त्यांच्यासोबत उच्च कार्बन बिडाची सपाट डिस्क. रस्त्यावर आणि घाटात चालणाऱ्या गाडीला याहून अधिक लागत नाही.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील किंवा कोइंबतूरच्या करी या शर्यतीच्या मार्गावर जो खरोखर गाडी पळवितो त्याची गरज निराळी आहे. बिडाचे तापलेले वलय फुगू पाहते आणि त्याची थंड टोपी, म्हणजे हबवर बसणारा मधला भाग, त्याला आवरते, त्यामुळे एकसंध डिस्क तापाने किंचित शंकूसारखी होते. ॲल्युमिनियमची टोपी आणि मोकळ्या बोबिनांवर, म्हणजे दोहोंना जोडणाऱ्या लहान खुंट्यांवर, तोललेले वलय अशी दुभागी डिस्क हा दोष टाळते आणि वजनही वाचविते. तिच्या बोबिना रस्त्याच्या धूळ-चिखलात झिजून खडखडतात, म्हणून रोजच्या गाडीला ती शोभत नाही. कार्बन-सिरॅमिक डिस्कचा विचार तिच्या किमतीमुळे या वर्गातील गाडीने करण्याचे कारण नाही. शर्यतीच्या मार्गावरून परतलेल्या प्रत्येक डिस्कवर केसासारख्या बारीक तापरेषा दिसतात, त्या घाबरण्याजोग्या नव्हेत; परंतु त्यांतील एखादी रेषा नखाला लागू लागली किंवा डिस्कच्या काठापर्यंत जाऊन पोहोचली, तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवावी, आणि तिच्याबरोबर जोडीची दुसरीही.